ड्रॅगन, थोडं सरका

अंबरनाथजवळच्या जांभूळ गावातला माझा भाचा व्हिडिओ गेमसाठी ‘संपूर्ण स्वतंत्र’ काल्पनिक जग उभारतोय. परवा नकाशा दाखवला. बर्फाची शिखरं, तीरकमठेवाले यक्ष, खाणीतले दाढीवाले बुटके, डोंगराच्या पोटात सोन्यावर झोपलेला ड्रॅगन. टोल्किनने हे सगळं १९३७ ते १९५५ या काळात छापून टाकलंय. भाच्याने फक्त नावं उच्चारायला अवघड केली. बर्फ या पोराने पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर.

म्हटलं, अरे, अंबरनाथचं शिवमंदिर बघ. १०६० सालचं, शिलाहारांचं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून अंधारात जावं लागतं, बाहेर भिंतभर मूर्ती. शेजारी वालधुनी, कारखान्यांच्या कृपेने रंग बदलणारी नदी. जादूगाराचा पगार वाचला! पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर लष्कराच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी बाजारपेठ उभारली आणि मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलं, तर त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगतात. रूपबदलाचा यापेक्षा सरस मंत्र कुठल्या पोथीत आहे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, त्यातही वास्तू राजस्थानी आणि चित्रशैली पहाडी. पुण्याहून अंबरनाथ फारच आडवाटेला पडत असणार.

भाचा म्हणाला, “मामा, हे फार लोकल वाटतं.”

लोकल म्हटल्यावर मात्र त्याची ट्यूब पेटली. आता ड्रॅगनच्या गुहेत बाकावर तिघं राक्षस बसलेले असतात आणि नायकाने ‘थोडं सरका’ म्हणून चौथी सीट मिळवायची असते. तलवार चालत नाही.