बापूमामांची जीभ

आमचे बापूमामा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. नऊ एकर खायची थॉमसन, आणि दोन एकर शिराझ, वायनरीशी करार करून लावलेली. या दोन एकरांचा त्यांना कधी लळा लागला नाही. "एवढुसा मणी, जाड साल, वर बिया. पाहुण्यांचं पोरसुद्धा खाईना!"

यंदा फेब्रुवारीत पुण्याचे मित्र आले, तेव्हा मामांनाही गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत चाखायला नेलं. शिराझ आली. इतकी गडद, की ग्लासाआडचं बोट दिसेना. एका मित्राने ग्लास गरगरवला, नाक आत खुपसलं आणि डोळे मिटून म्हणाला, "ब्लॅकबेरी... तंबाखू... थोडं चामडं."

मामांनी ग्लास चहाच्या कपासारखा धरून घोट घेतला. "फळछाटणी ऑक्टोबरातली. तोडणी फेब्रुवारीत. पाण्याचा ताण चांगला दिलाय."

वाढणारी मुलगी आत विचारून आली. "बरोबर आहे, काका!"

मित्रांनी हात जोडले. नाशकात वाईनची तोडणी जानेवारी ते मार्चमध्येच उरकते, तेव्हा मामांचा नेम चुकणं अवघडच होतं. मी गप्प राहिलो.

"पण एवढ्या उन्हाच्या मुलखात अशी वाईन?" मित्राने विचारलं.

"फ्रान्सात वेल थंडीत झोपते. आमच्या वेलीला झोप कुठली? तिला कात्रीनंच झोपवायची, कात्रीनंच उठवायची. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी. म्हणजे घड भरतो थंडीत. दुपारी ऊन, रात्री गारठा. निफाडला तर पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठाऊक आहे?"

"टॅनिन मात्र जबरदस्त," मित्र ओठ चाटत म्हणाला.

"तुरट म्हणा की! जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते, तसं. साल आणि बियांची करामत ती. रंगसुद्धा सालीचाच." त्या सालीची बाजू मामा घेतायत, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग मित्राने घोट शेजारच्या भांड्यात थुंकला. जाणकार तसंच करतात म्हणे. मामांचा चेहरा उतरला. फळ्यावरचा बाटलीचा भाव पाहून त्यांनी बोटांवर हिशेब केला: बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं. तो पुरा झाल्यावर ते काही बोलले नाहीत; फक्त उरलेले सगळ्यांचे ग्लास त्यांनी एकेक करून रिकामे केले.

परतताना मामांनी गाडी आपल्या बागेपाशी थांबवली. शिराझचा एक घड तोडून मित्राच्या हातात दिला. "घ्या. चामडं सापडतंय का बघा."

मित्राने चार मणी तोंडात टाकले आणि तोंड वाकडं करून बिया टाकायला जागा शोधू लागला.

"आता थुंका," मामा म्हणाले.