बादलीला लाथ आणि सातबारा

तलाठी व्हायचं तर इंग्रजीत 'बादलीला लाथ मारणे' म्हणजे काय, हे यावं लागतं. बादलीला लाथ मारली की माणूस मरतो. का मरतो, हे विचारायचं नाही. चार पर्यायांतला योग्य तो निवडायचा आणि पुढं सरकायचं. तलाठी भरतीच्या 200 गुणांच्या पेपरात 50 गुण इंग्रजीचे, आणि त्यात असल्या वाक्प्रचारांची हजेरी ठरलेली. एका अर्थी बरोबरच आहे म्हणा. खातेदारानं बादलीला लाथ मारल्याशिवाय सातबाऱ्यावर वारसांची नावं लागणार कशी?

गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या जत्रेतही हा अभ्यास सुटत नाही. दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगावमार्गे गुहेकडे गर्दी निघालेली. पिवळे झेंडे, 'जय सेवा'चा गजर, मध्य प्रदेश-छत्तीसगड-तेलंगणातून आलेली गोंड कुटुंबं. त्यांच्या मागून कॉलेजची दोन पोरं. एकाच्या मोबाइलवर वाक्प्रचारांची पीडीएफ.

"गडाची चढन 'पीस ऑफ केक' हाय म्हनत होता ना बे? मंग बसला काऊन?"

दगडावर टेकलेल्याला उत्तर द्यायलाही दम उरला नव्हता. तो वाक्प्रचार आता तो जन्मात विसरत नाही.

'एलिफंट इन द रूम'चं मात्र गोंदियात अवघड आहे. समोर ढळढळीत दिसतंय, पण सगळे मूग गिळून बसलेत, असा विषय म्हणजे साहेबाचा खोलीतला हत्ती. आमच्याकडं 2022 साली अर्जुनी मोरगाव तालुक्यात रानटी हत्तींचा अख्खा कळप शिरला आणि धान तुडवून गेला. मूग कोणीच गिळले नाहीत. गावोगाव दुसरा विषयच नव्हता. आणि नुकसानीच्या पंचनाम्याला पुन्हा तलाठी लागतोच.

अर्थात इंग्रजीनंच आपल्याला पिडलंय असं नाही, आपणही तिचं डोकं फिरवलंय. नाशिकजवळ देवळालीला एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची छावणी पडली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं थांबत. जहाजं सुटायची थंडीच्या मोसमात; तो हुकला की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीतच. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, कुणाच्या अंगात हिवताप. भलेभले भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुढं ताप उतरला, डूलाली तेवढं राहिलं. डोकं फिरलेल्याला इंग्लंडात आजही 'डूलाली' म्हणतात. देवळालीकरांनी याचा राग मानू नये. फिरलेली डोकी त्यांची नव्हती.

तर पेपर काढणाऱ्या साहेबांनो, पुढच्या भरतीत बादली जरा बाजूला ठेवा आणि एकदा 'गो डूलाली' विचारा. एका प्रश्नाला दोन गुण असतात. तेवढे तरी पोरांना घरचे म्हणून मिळू द्या.