ग्रहण नाही, सुट्टी लागलीय

"माई, तुमचं मुसळ द्या की जरा."

"कामून गं? ग्रहण लागायलंय का काय?"

माईंचं बरोबरच आहे म्हणा. आपल्याकडं मुसळ परातीत उभं करतात ते ग्रहणालाच. पण सुट्टीत गल्लीतल्या लेकरांचा ताबा रिटायर्ड गुरुजींनी घेतलाय आणि त्यांना उभी, सरळ, जड वस्तू पाहिजे.

"सावली गायब करायचीय म्हणे."

"म्हातारा उन्हानं बिघडला."

"नाही हो माई. सूर्य उत्तरेकडं सरकत सरकत मेच्या मध्यावर आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो. पुण्याला तेराच्या आसपास, आपल्या धारूरला चौदा-पंधराच्या सुमारास. तेवढा क्षणभर उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते. जुलैच्या अखेरीला परतताना पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं. दिल्लीवाल्यांच्या तर डोक्यावर कधीच येत नाही."

"मग ठीक बारा वाजता उभं करायचं?"

"इथंच तर गंमत आहे. बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी. घड्याळ चालतं मिर्झापूरकडच्या रेघेवर आणि आपण तिच्या कितीतरी पश्चिमेला. सूर्याला आपल्यापर्यंत यायला उशीर लागतो."

"बघ! इतकी वर्षं बाराच्या ठोक्याला जेवायला घालतेय आमच्या ह्यांना. वीस मिनिटं आधीच की."

मुसळ मिळालं, पण हातातून सोडवायला वेळ लागला. लेकरं तेव्हापासून रोज त्याच वेळी अंगणात सावलीच्या टोकाला कोळशानं खूण करताहेत. सावली रोज किती आखडते ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. मुसळ सरळ आहे का हे बघायला गवंडीभाऊंचा ओळंबा आणलाय. परवा एका बहाद्दरानं उन्हाचा कंटाळा करून अंदाजानंच खूण ओढली. दुसऱ्या दिवशी सावली उलटी वाढली आणि पठ्ठ्या पकडला गेला! विज्ञान म्हणजे काय हे मला तरी त्या दिवशी कळलं.

"आणि कोपऱ्यावरच्यांचा नातू दिसत नाही गं कुठं?"

"लातूरला. समर कँपला घातलाय."

"काय शिकवतात?"

"मातीकाम."

"मातीकाम! पैसे देऊन?" माईंनी सूप खालीच ठेवलं. "गेल्या पावसाळ्यात ह्याच पोरानं चिखलाचे बैल केले तर आईनं रट्टा घातला होता. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

आता मी कँपवाल्यांना नावं ठेवणार नाही. आई-बाप दोघंही नोकरीला असले तर लेकरू दिवसभर सोडायचं कुणापाशी? पण माईंचा मुद्दा खोडून काढता आला नाही.

"आमच्यातली पोरं मोबाइलातून मान वर काढत नाहीत, ते बघ आधी."

"तेपण गुरुजींनी वळवलंय. अरविंद गुप्ता म्हणून आयआयटीचे इंजिनिअर आहेत. १९७८ साली नोकरीतून रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादकडं खेड्यातल्या शाळांसाठी काम करायला गेले. तिथं त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून खेळणी काढली. सगळं फुकट बघायला मिळतं मोबाइलवर. पोरं आता सायकलवाल्याच्या दुकानासमोर बसून असतात."

"त्यात काय एवढं?"

"चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही."

माईंनी मान वर करून समोरच्या पत्र्याच्या शेडकडं बघितलं. "म्हणून कैचीत तिरपे बार टाकतात व्हय?"

मी गप्प. ते मला सुचलं नव्हतं.

किल्ल्यावरही नेतात, पण पहाटे. ऊन चढायच्या आत परत. काठावर जायचं नाही आणि आग्या मोहोळ दिसलं तर दगड उचलायचा नाही, ह्या दोन अटी. तीन बाजूंनी दरी आणि चौथ्या बाजूला खंदक का, हे गुरुजी सांगत नाहीत. "तुम्ही शत्रू असता तर कुठून आला असता?" एवढंच विचारून खाली बसतात. विजापूरच्या किश्वरखानानं १५६७ मध्ये हा किल्ला बांधला, १६३१ मध्ये मोगलांनी घेतला आणि गावाचं फतेहाबाद झालं, हे पोरं ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडतात. पण १६६६ मध्ये नेताजी पालकरांना इथंच धारूरला कैद केलं, हे ऐकलं आणि लगेच नाटक ठरलं. सगळ्यांनाच नेताजी व्हायचंय. मोगल व्हायला कुणी तयार नाही, म्हणून दिलेरखानाचं काम एका पाच वर्षांच्या पोरीला दिलंय. ती मात्र जोरात करते.

"आणि ती ऊसतोडवाल्यांची लेक आली का?"

"आली ना. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तशी आली. बेळगावकडच्या फडावर होती आई-बापासोबत."

आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीला कुलूप लावून जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची आई-बापासोबत कोप्यांवर. त्यांची सुट्टी म्हणजे सुटलेली शाळा. ही पोरगी मोळ्या मोजून मोजून हिशेबाला अशी पक्की झालीय की दुकानवाले भाऊ तिच्याशी घासाघीस करत नाहीत. गल्लीतल्या पोरांना तिनं कानडी आकडे शिकवलेत. लपाछपीत आता एक-दोन-तीन नाही, ओंदु-एरडु-मूरु. वाचायला मात्र अडखळते. म्हणून संध्याकाळी 'किशोर'चा अंक तिच्याच हातात देतात. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंकही मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात. ती बोट ठेवून मोठ्यानं वाचते आणि बारकी ऐकतात. अडली तरी हसायचं नाही, हसेल त्याला दुसरं पान.

"वाचायला माझ्या ओसरीवर बसा म्हणावं. गार असते." माईंनी स्वतःहून हे म्हणणं म्हणजे नवलच. "पण कुरडयांचं काय? गहू भिजू घातलेत, आज तिसरा दिवस."

"वास आला का आंबूस?"

"येणारच की. रोज पाणी बदलतेय, तरी बुडबुडे."

"मग उद्या पोरं येतील चीक बघायला. गहू वाटून, गाळून, रात्रभर ठेवला की पांढरं खाली बसतं आणि पाणी वर राहतं. ते निवळताना बघायचं. ओल्या कुरडया तोलायच्या, माळवदावर वाळल्या की पुन्हा तोलायच्या. पाणी किती उडालं ते वहीत लिहायचं."

"पोरं म्हणजे पोरीच ना?"

"पोरंसुद्धा."

माई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात तीन नातू. एकालाही आजवर ताटलीसुद्धा उचलायला लावलेली नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पोरींनी चार वाजता उठून चीक हाटायचा आणि पोरांनी आठाला उठून तो दूध-साखर घालून चाटायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी.

"सोऱ्या लई जड जातो बघ," माई शेवटी म्हणाल्या. "माझे खांदे भरून येतात. एवढे मोबाइल धरून बसलेत, दंडात जोर असलंच की त्यांच्या."

"म्हणजे पाठवू?"

"पाठव. पण गुरुजीला सांग, आधी चार परड्या घालायच्या, मग चीक. आणि कावळे हाकायला ती दिलेरखान पाठव, तिचा आवाज चांगलाय."