हौद्यात काही ठेवू नये

जुन्या पिकअपचा शौकीन अमेरिकेत सर्वत्र आढळतो. मध्यपश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत जरा जास्तच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पोट खात्यापित्या घरचे, डोक्यावर फोर्डची नाहीतर शेवरलेची टोपी. एकाच घरात दोन्ही टोप्या दिसल्या, तर सोयरीक जमवताना कुणीतरी नीट चौकशी केली नव्हती असे समजावे. उन्हाळ्यातल्या शनिवारी भल्या सकाळीच तो गावच्या जत्रेच्या मैदानावर हजर असतो. ट्रक स्वतःच्या चाकांवर आला असेल, तर ही गोष्ट तो पहिल्याच वाक्यात सांगतो. ट्रेलरवर घालून आणला असेल, तर ट्रेलर लांब झाडाआड उभा असतो. ट्रेलर ओढायला अर्थातच एक नवी पिकअप लागते. त्या बिचारीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

गाडी जागेवर लागली की पुसणे सुरू होते. आधी मऊ झाडणीने धूळ, मग फडक्याने दव, मग दुसऱ्या फडक्याने पहिल्या फडक्याचे ओरखडे. शेवटी बंपरची खालची कड, जी दिसायला माणसाला जमिनीवर आडवे व्हावे लागते. शोमध्ये लोक तसे आडवे होतातही. काही सज्जन त्यांची सोय म्हणून चेसिसखाली आरसे मांडून ठेवतात. मग बॉनेट उघडायचे, मागचा फाळका खाली सोडायचा आणि पाटी लावायची: हात लावू नये, हौद्यात काही ठेवू नये.

पाटी लागते ती अशा वाहनावर, ज्याचा जन्मच हौद्यात काहीतरी ठेवण्यासाठी झाला. फोर्डने 1925 साली मॉडेल टीच्या मागे हौदा जोडून ती थेट कारखान्यातून विकायला काढली. किंमत 281 डॉलर. आज तेवढ्यात शौकिनाचा एका शोचा पेट्रोल-मुक्कामाचा खर्चही भागत नाही. महायुद्धानंतर, 1947 मध्ये शेवरलेची गोलसर नाकाची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आली, पुढच्या वर्षी फोर्डची एफ-मालिका. या ट्रकांनी डुकरे वाहिली, शेणखत वाहिले, कुंपणाचे खांब आणि दुधाचे कॅन वाहिले. शेवरलेच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे, तोही साध्या पाइनचा. शौकीन तिथे ओकच्या फळ्या बसवून तोंड दिसेल इतके वॉर्निश चढवतो. आपल्याकडचा टेम्पोवाला हौद्यात टोमॅटोचे किती क्रेट मावतात ते सांगेल. हा गृहस्थ वॉर्निशचे किती हात दिले ते सांगतो.

त्याची विद्वत्ता खरी असते, हे मात्र मान्य करावे लागते. दहा पावलांवरून तो गाडीचे साल ओळखतो आणि त्यामागे तर्कशुद्ध रीत असते. शेवरलेच्या दाराला पुढच्या बाजूस हवेसाठी तिकोनी काच आहे? मग गाडी 1951 किंवा त्यानंतरची. दाराची मूठ खाली वळवावी लागते? मग 1951 किंवा त्याआधीची, कारण 1952 पासून मुठीला दाबायचा खटका आला. तिकोनी काच आणि वळणारी मूठ एकाच दारावर दिसली की साल पक्के 1951. मालकाने पाटीवर 1950 लिहिले असेल, तर दिवसभर कुणी ना कुणी येऊन त्याला हळू आवाजात ते सांगून जातो. फोर्डवाल्यांचे दैवत 1956 सालची एफ-100. दोन्ही बाजूंना वळलेली पुढची काच त्या पिढीत त्याच एका वर्षी होती.

या मंडळींत पंथ आहेत आणि पंथभेद कडवे आहेत. मूळपंथी स्क्रूसुद्धा कारखान्यातलाच हवा म्हणतो. त्याच्या ट्रकला तीन गिअर, तेही स्टीअरिंगच्या दांड्यावर. चढावर तो स्वतःच थोडा पुढे झुकतो. दुसरा पंथ सुधारकांचा. बाहेरून 1950, आतून नवे व्ही-आठ इंजिन, एसी आणि डिस्क ब्रेक; हवेच्या फुग्यांवर गाडी बटण दाबताच जमिनीला टेकते. मूळपंथी त्याला “छान रंग आहे हं” म्हणतो. या पंथात हा अपमान समजला जातो.

तिसरा पंथ गंजवाल्यांचा. उडालेला रंग, तांबूस पत्रा, दारावर कुठल्याशा बंद पडलेल्या धान्यदुकानाचे पुसट नाव, हे सारे जसेच्या तसे राखायचे. त्यासाठी काही जण गंजावर पारदर्शक लॅकर मारतात, म्हणजे गंज गंजत नाही. रंगाला ओरखडा पडेल ही धास्ती नाही म्हणून हा माणूस सर्वांत निवांत दिसतो. पण त्याच्या गंजाला नख लावून पाहावे.

प्रत्येक ट्रकला सापडल्याची कथा असते. कोठारात, पेंढ्याखाली, बॉनेटमध्ये उंदरांची घरटी. म्हातारी मालकीण विकायला तयार नाही. तीन वर्षे दर नाताळला तिच्याकडे फेरी. खुर्च्यांचे कोंडाळे ही कथा दर शोला ऐकते आणि चुकीच्या जागी हसत नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच. कार्बोरेटर रुसला, तर मूळपंथ्याच्या बॉनेटमध्ये सुधारक कोपरापर्यंत हात घालतो, आणि जुन्या भागांच्या बाजारातून एकमेकांसाठी दाराच्या मुठी आणल्या जातात.

दिवसाचा सर्वोच्च क्षण बक्षिसाचा नसतो. अनोळखी माणूस थांबतो, बराच वेळ पाहतो आणि म्हणतो, “माझ्या आजोबांकडे अशीच होती.” मालक खुर्चीतून उठतो. शौकीन एवढ्यासाठीच आलेला असतो. आजोबांची नेमकी अशीच नव्हती, त्यांची फोर्ड होती, हे पाच मिनिटांत उघड होते. तरी त्या माणसाला दार उघडून आत बसवले जाते. पाटी त्याला लागू नाही.

दुपारी मतपत्रिका गोळा होतात. स्वतःला मत द्यायचे नाही असा नियम असतो, म्हणून जोड्या ठरवून एकमेकांना दिले जाते. ढाल भलत्यालाच मिळते, बहुधा ज्याच्या गाडीत कुत्रा बसला आहे त्याला. आणि ढग दाटून पहिला थेंब पडला की, बर्फात आणि चिखलात अर्धे आयुष्य काढलेली ही वाहने दहा मिनिटांत मैदान रिकामे करतात. सर्वांत आधी निघतो तो गंजवाला.