कड्यावर पाऊस

रात्रीचे पावणेदोन. कडा संपायला दोन पुरुष उंची उरली असताना पाऊस आला. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेममध्ये पाऊस आला की दगड निसरडा होतो. आपला नायक लिंक चार हात चढतो, तीन हात घसरतो आणि दम संपला की थेट पायथ्याशी. शेकोटी पेटवून बसावं म्हटलं, तर उघड्यावर पावसात तीही पेटत नाही. नियम रास्त आहे, त्यामुळे भांडताही येत नाही.

भाच्याने गेम देताना बजावलं होतं, “मामा, यात कुठेही जा, काहीही कर.” संसारी माणसाला असं काही सांगू नये.

त्यापेक्षा आधीचे गेम सरळ होते. १९९६च्या ‘डॅगरफॉल’मध्ये गावं, वाड्या, भुयारं मिळून पंधरा हजारांवर ठिकाणं. बहुतेक एकाच साच्यातून काढलेली. एक पाहिलं की उरलेली न पाहण्याची सोय. २००७च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये मनोऱ्यावर चढा, नकाशा उघडा, झेंडे गोळा करा. झेंडे एकूण ४२०. निदान आकडा तरी प्रामाणिक ठेवला. तिथे कंटाळा आला की झोप लागायची, आणि सकाळी ऑफिसला वेळेवर पोचायचो.

इथे झोपेची सोय नाही. तलवारी काकणांसारख्या फुटतात, म्हणून दर लढाईत हाताला येईल ते उचलायचं. आभाळ गडगडलं की अंगावरच्या धातूतून ठिणग्या उडतात; वेळेत उतरवला नाही तर वीज डोक्यावर. दोनदा मेल्यावर तिसऱ्यांदा मी ती ठिणग्या उडणारी तलवार राक्षसांच्या तळात फेकली आणि लांब जाऊन उभा राहिलो. वीज पडली. तिघे गार. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पाटीवर लिहिलं नव्हतं. पाऊस, लोखंड आणि वीज आपापलं काम करत होते, मी फक्त मध्ये हात घातला. अडीच वाजता भाच्याला फोन केला. “मामा, ते सगळ्यांना माहीत असतं,” म्हणून त्याने ठेवून दिला.

शिवाय कोरोक. एखादा दगड उचलला की खालून पानाचा मुखवटा घातलेला हा जीव निघतो आणि एक बी देतो. अशा बिया ९००. सगळ्या जमवल्यावर बक्षीस म्हणून सोनेरी रंगाची एक वस्तू मिळते. तिचा आकार कशासारखा आहे, हे जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. हे माहीत असूनही माझ्या एकशे बारा झाल्यात.

तिकडे राजकन्या शंभर वर्षं किल्ल्यात राक्षसाला थोपवून बसली आहे. सुरुवातीचं पठार सोडलं की कोणीही थेट तिच्याकडे जाऊ शकतो. किल्ला समोरच दिसतो. मला चौथा महिना चाललाय. काल पक्कं ठरवून निघालो होतो. वाटेत टेकडीच्या टोकावर एक दगड एकटाच ठेवलेला दिसला.