चावी ज्याची, फोन त्याचा

बारामती किंवा इंदापुरातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात उभे राहा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, हप्ता किती बसेल, सगळे विचारले जाते. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती हवी, हे ना गिऱ्हाईक विचारत, ना दुकानदार. विचारून उपयोगही नाही. तो निर्णय आपल्या आधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो.

कुणी, ते कागदोपत्री आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा एक आक्षेप असा होता, की गूगलची ॲप्स हवी असलेल्या कंपनीला अँड्रॉइडची वेगळी, बदललेली आवृत्ती घालून फोन काढायला करारानेच मज्जाव होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम कायम ठेवली.

लोक म्हणतात, "अँड्रॉइड तर ओपन सोर्सच आहे." अर्धे खरे. गाभा खुला आहे. प्ले स्टोअर आणि त्यामागच्या सेवा गूगलच्या मालकीच्या. वर फोन सुरू होताना सिस्टीम चढवणाऱ्या बूटलोडरला कुलूप. विहीर आपली, वीजबिल आपले आणि स्टार्टरची पेटी दुसऱ्याच्या कुलपात, असा हा कारभार.

कुलूप काही फोनांचे निघते. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडायचे, बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचे, मग डेव्हलपर पर्यायांत 'ओईएम अनलॉकिंग' सुरू करायचे आणि फोन संगणकाला जोडून हुकूम द्यायचा. फोनमधले सगळे पुसले जाते. पुढे दरवेळी फोन सुरू होताना आधी धोक्याचा इशारा झळकतो. कित्येक कंपन्या एवढीही मुभा देत नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला: आधी कुलूप उघडू देणारा फोन बघा, सिस्टीमचे नंतर.

आता सिस्टीम. जुन्या फोनला आणखी काही वर्षे चालवायचे असेल तर लिनिएजओएस. पण त्यांच्या यादीत तुमचे नेमके मॉडेल असेल तरच. गूगल नको पण रोजची ॲप्स हवीत, तर ई-ओएस. सुरक्षा सर्वांत आधी असेल तर ग्रॅफीनओएस. ती गूगलच्याच पिक्सेल फोनांसाठी बनते आणि ते फोन खिशाला जड आहेत. पोस्टमार्केटओएस २०१७ मध्ये फोन दहा वर्षे चालवायच्या जिद्दीने सुरू झाली. कॅनॉनिकल कंपनीने वाऱ्यावर सोडलेले उबुंटू टच यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी जगवले. या दोन्ही प्रकल्पांविषयी मला आदर आहे, पण ज्याच्या घरात एकच फोन आहे त्या शेतकऱ्याला मी ते सुचवणार नाही.

कारण इकडे शेतीची निम्मी कामे फोनवर आली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभे राहायचे, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. अक्षांश-रेखांश ॲप टिपते आणि सातबाऱ्यावर पीक चढते. नुकसानभरपाई आणि पीकविम्याला तीच नोंद लागते. उसाच्या नोंदीसाठी साखर आयुक्तालयाचे 'महा-ऊस नोंदणी' ॲप २०२२ मध्ये आले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाला पाणी-खत किती, हे एआय सांगू लागले आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचे जगभर कौतुक केले. उसाचे एआय जगाने पाहिले. तो सल्ला ज्या फोनवर येतो तो कुणाच्या ताब्यात आहे, हेही बारामतीने पाहावे.

खरी अडवणूक इथेच होते. फोनवर मूळ, कंपनीचीच सिस्टीम आहे का, हे ॲपला कळावे म्हणून गूगलची 'प्ले इंटिग्रिटी' तपासणी असते. मुक्त सिस्टीम टाकलेला फोन त्यात बहुधा नापास होतो आणि अनेक बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आणले. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवता येतात. बटणांचा फोन चालतो, आणि सुरक्षेचे ताजे अपडेट घेतलेला मुक्त फोन संशयित ठरतो. हा न्याय उलटा आहे.

मग स्वदेशी सिस्टीमचे काय झाले? आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी इंडस ओएस उभी केली, मराठीसह भारतीय भाषांत. ती फोनपेने विकत घेतली. आज त्या नावाचे ॲपचे दुकान उरले आहे. आयआयटी मद्रासच्या छायेत तयार झालेली भारओएस जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी हाती घेऊन दाखवली. आपल्या दुकानांत ती पोचलेली नाही. उलट उदाहरण अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती बनवणाऱ्या सायनोजेनचे. त्या कंपनीने मायक्रोमॅक्सशी भारतापुरता करार केला, आधीची भागीदार फोन कंपनी वनप्लसशी वाजले आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दोन वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. पण कोड खुला होता, म्हणून स्वयंसेवकांनी तो उचलला आणि त्यातूनच लिनिएजओएस निघाली. कंपनी गेली, काम राहिले. ओपन सोर्सची बाजू मी घेतो ती यासाठी.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे. आपल्याकडेही असाच नियम हवा. राज्य सरकारने शेतकऱ्याला सक्तीचे केलेले प्रत्येक ॲप ब्राउझरवरही चालले पाहिजे, प्ले स्टोअरबाहेर सरकारी संकेतस्थळावर मिळाले पाहिजे, आणि त्याचा कोड जनतेला पाहता आला पाहिजे. ते जनतेच्या पैशातून बनलेले आहे.

तोवर मुक्त सिस्टीम टाकायचीच असेल तर घरातल्या जुन्या, दुसऱ्या फोनवर टाका. बँक आणि पीक पाहणी मुख्य फोनवर राहू द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत विषय काढा: सरकारी ॲप कुठल्याही फोनवर चालले पाहिजे. असा ठराव करायला कुणा कंपनीची परवानगी लागत नाही.