चौकशीकर

पुस्तकाच्या दुकानात पुस्तक घ्यायला येणारी माणसं वेगळी आणि पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला येणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारातल्या सर्वांत निष्ठावान गृहस्थांना आपण चौकशीकर म्हणू. खरं आडनाव कुलकर्णी, जाधव, डिसोझा काहीही असू दे, लक्षणं एकच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पाठीला ऑफिसची सॅक, एका कानात इअरफोन, आणि घरी आठ-नऊ वर्षांचं अपत्य. या अपत्याने कधीतरी जेवताना म्हटलेलं असतं, ‘बाबा, मला हॅरी पॉटर हवंय.’ तेवढ्यावर चौकशी सुरू होते, ती अपत्याला मिसरूड फुटेपर्यंत चालते.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास माझ्या एका मित्राचं दुकान आहे. संध्याकाळी मी तिथे स्टुलावर बसलेला असतो, त्यामुळे चौकशीकर मला बाराही महिने बघायला मिळतात. जूनमध्ये ते वह्या आणि कव्हरं न्यायला येतात, दिवाळीच्या सुट्टीआधी दिवाळी अंकांच्या निमित्ताने येतात आणि मे महिन्यात नुसतेच येतात. प्रत्येक वेळी हॅरी पॉटरच्या सात भागांचा खोका फडताळावरून खाली उतरतो, काउंटरवर बसतो आणि पुन्हा वर जातो. मित्राचं म्हणणं, त्या खोक्यावर धूळ बसत नाही याचं सगळं श्रेय चौकशीकरांचं.

आधी ते खोका दोन्ही हातांनी उचलतात. ‘वजन आहे,’ असं म्हणून खाली ठेवतात. मग विचारतात, ‘हे वाचून मुलांना नक्की काय होतं?’

‘मुलं वाचतात,’ मित्र सांगतो.

‘ते झालंच हो. पण पुढे?’

चौकशीकरांचं सगळं आयुष्य या ‘पुढे’वर उभं आहे. इंग्रजी सुधारतं का? स्पेलिंग पक्कं होतं का? निबंधाला उपयोग होतो का? स्कॉलरशिपच्या परीक्षेत यातलं काही येतं का? मुलाला मजा येईल, हे उत्तर त्यांच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. खरं तर स्वतः त्यांनी लहानपणी ‘चांदोबा’ भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचलेला असतो. विक्रम आणि वेताळ, नाथमाधवांचा ‘वीरधवल’, ‘फास्टर फेणे’, हे सगळं कुणीही कसलीही चौकशी न करता त्यांच्या पोटात गेलं आहे. त्यांच्या वडिलांना मुलगा काय वाचतो हे ठाऊकच नव्हतं. मराठी बालवाङ्मयावर त्या पिढीतल्या वडिलांचे हे फार मोठे उपकार आहेत.

मग भाषेचा प्रश्न निघतो. ‘मराठीत आहे का?’ चौकशीकर अभिमानाने विचारतात. मित्र ‘हॅरी पॉटर आणि परीस’ काढून देतो. चार पानं उलटतात, मान डोलते, आणि चेहरा पडतो. ‘पण मग इंग्रजीचं काय?’ इंग्रजी हातात दिलं की, ‘पण मग मराठीचं काय?’ मातृभाषेच्या काळजीपोटी ते ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ काउंटरवर काढायला लावतात, आणि ‘हे तर आम्ही वाचलेलं आहे’ या भक्कम कारणास्तव परत करतात.

भाव करणं ओघाने आलंच. संचाची किंमत तीन-साडेतीन हजारांच्या घरात. ‘किती सोडाल?’ मित्र आकडा सांगतो. ‘पण ते फुटपाथवर याच्या चौथाईत मिळतं.’ मिळतं, हे खरंच. नकली प्रतीत शाई बोटाला लागते आणि पानं बायंडिंग सोडून चालती होतात. पाचवा भाग मूळ ब्रिटिश आवृत्तीत साडेसातशे पानांच्या वर आहे. तो नकली घेतला तर मालिका सात भागांची न राहता सत्तर भागांची होते. हे ऐकून चौकशीकर हसतात आणि म्हणतात, ‘त्यापेक्षा सिनेमेच दाखवले तर? पुस्तकं सात, सिनेमे आठ आहेत.’ एक सिनेमा फुकट मिळतो आहे, असा तो हिशोब.

दुकानातली चौकशी संपली की बाहेरची सुरू होते. एखाद्या स्थळाची करावी तशी. ऑफिसातले दोघे, वर्गशिक्षिका, सोसायटीचे सेक्रेटरी आणि न्यू जर्सीचा मेहुणा. मेहुण्याच्या मुलीने म्हणे सातव्या वर्षीच सगळे भाग संपवले. ही बातमी कानावर पडल्यापासून चौकशीकरांना दोन रात्री झोप नाही. आपलं मूल नऊचं, म्हणजे दोन वर्षं मागे पडलं. तेव्हा संच घ्यायलाच हवा. पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाठवतं की अमेरिकेत या पुस्तकांना विरोध झाला होता. हेही खोटं नाही. २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांतून आणि शाळांतून ज्या पुस्तकांना सर्वाधिक हरकती आल्या, त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ही मालिका पहिली आहे. जादूटोणा शिकवते म्हणून. खोका पुन्हा वर.

जादूटोण्याचा निकाल मात्र घरातच लागायचा असतो, कारण घरात आई असते. चौकशीकरांच्या आईला आपण आजी म्हणू. ‘अगं आई, त्यात एक दुष्ट जादूगार आहे,’ चौकशीकर इंटरनेटवर वाचलेलं सांगू लागतात, ‘मरण येऊ नये म्हणून तो आपला जीव तोडून तोडून वेगवेगळ्या वस्तूंत लपवून ठेवतो.’

‘म्हणजे राक्षसाचा जीव पोपटात,’ आजी भाजी निवडता निवडता म्हणतात. ‘सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यात. तुला झोपवताना सांगत नव्हते का?’

‘याचा एका पोपटात मावत नाही. एक वही, एक अंगठी, एक लॉकेट, एक पेला, एक मुकुट आणि एक नागीण.’

‘नागीण?’

‘नागीण. तिचं नावच नागिनी आहे.’

आजींच्या दृष्टीने मालिका तिथेच पास होते. राक्षस आहे, जीव लपवलेला आहे, अनाथ पोर आहे, त्याला जिन्याखालच्या कोनाड्यात झोपवणारी मावशी आहे. आता यात नवीन काय आणि भ्यायचं कशाला? त्यांची हरकत एकच, घुबडाला. पत्र घेऊन घुबड घरात येतं हे त्यांना अजिबात पसंत नाही. पोस्टमन नाहीत का त्या देशात?

मित्रालाही एकदा लहर आली. ‘साहेब, यात आपल्या पाटलांच्या मुली आहेत,’ त्याने सांगून टाकलं. थाप नव्हती. हॅरीच्या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी खरोखरच आहेत. चौथ्या भागात नाताळच्या नाचाला हॅरी पार्वतीला आणि त्याचा दोस्त रॉन पद्माला घेऊन जातो, आणि दोघे ठोंबे तोंड पाडून बसून राहतात, मुलींकडे ढुंकून बघत नाहीत. चौकशीकर सावरून बसले. ‘कुठले पाटील?’ लेखिका रोलिंगबाईंनी गाव लिहिलेलं नाही. मित्राने कोल्हापूर ठोकून दिलं. चौकशीकरांना बरं वाटलेलं दिसलं. पण खोका त्या दिवशीही वरच गेला, कारण पाटलांच्या मुली कितव्या पानावर आहेत हे त्यांना आधी हवं होतं.

पुस्तकापेक्षा लेखिकेची गोष्ट त्यांना जास्त पटते, हे एक विशेष. एडिंबरामधली एकटी आई, सरकारी मदतीवर घर चाललेलं, कॅफेत बसून लिखाण, एकामागून एक प्रकाशकांचे नकार, आणि मग अफाट पैसा. ही गोष्ट ते मुलाला रोज सांगतात. गोष्टीतलं पुस्तक तेवढं देत नाहीत. ब्लूम्सबरी प्रकाशनाच्या ज्या संपादकांनी ते हस्तलिखित स्वीकारलं, त्या बॅरी कनिंगहॅम यांनी रोलिंगबाईंना नोकरी शोधायचा सल्ला दिला होता, कारण मुलांच्या पुस्तकांत पैसा नसतो. हे कळल्यावर चौकशीकर म्हणाले, ‘बरोबरच सांगितलं त्यांनी.’

चौकशीकर कंजूष आहेत असा कुणाचा समज होत असेल तर तो मी खोडून काढतो. याच गृहस्थांनी अबॅकसच्या क्लासला, वैदिक गणिताला आणि रोबोटिक्सच्या उन्हाळी शिबिराला एका फोनवर पैसे भरलेले आहेत. संचाच्या कितीतरी पट. तिथे ‘पुढे काय’ असा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण पत्रकावर ‘पुढे’ हा शब्द मोठ्या टायपात छापलेला होता आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं. हॅरी पॉटर वाचून संपवल्यावर कुणी प्रमाणपत्र देत नाही. प्रकाशकांनी सातव्या भागाच्या शेवटी एक छापलं, तर आपल्याकडे खप दुप्पट होईल असं माझ्या मित्राचं व्यावसायिक मत आहे.

या जातीत बायकाही आहेत. त्यांची चौकशी लवकर आटोपते. वर्गातल्या किती मुलांनी वाचलंय एवढंच त्या विचारतात, आणि निम्म्याहून जास्त म्हटलं की पर्स उघडते.

पण एका बाबतीत मी चौकशीकरांच्या बाजूने आहे, आणि तेवढ्यावर ते नेमकं बोट ठेवत नाहीत. संच एकदम घ्यायचा का, हा खरा प्रश्न आहे. हे पुस्तक संच म्हणून जन्मलेलंच नाही. पहिला भाग १९९७ साली आला, सातवा २००७ साली. चौथ्यानंतर पाचव्यासाठी वाचक तीन वर्षं ताटकळले. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा होतो, सातव्यात सतरा. ज्या मुलाने पहिला भाग अकराव्या वर्षी हातात घेतला, ते सातवा वाचताना एकवीस वर्षांचं होतं. पहिला भाग सव्वादोनशे पानांचा, उड्या मारत जाणारा. चौथ्याच्या शेवटी स्मशानात एका मुलाचा खून होतो. पाचव्यात सरकारने नेमलेली एक बाई शिक्षा म्हणून हॅरीला त्याच्याच रक्ताने ओळी लिहायला लावते. पुस्तकं वाचकाबरोबर वयात येत गेली, आणि आपण ती नऊ वर्षांच्या पोराच्या हाती खोक्यात भरून देतो. सुट्टी तीन आठवड्यांची. ते पोर सरळ स्मशानापर्यंत जाऊन पोचतं. कित्येक जण मात्र पहिल्या भागाच्या पन्नासाव्या पानावर थांबतात आणि उरलेले सहा भाग पुढची दहा वर्षं शोकेसमध्ये दहावीच्या ट्रॉफीची वाट बघतात. कुणाचं काय होईल हे मेहुण्याला विचारून कळत नाही.

ज्याला विचारून कळेल तो दुकानातच उभा असतो. चौकशीकर मुलाला बरोबर आणतात. बाबांचं आणि मित्राचं बायंडिंगवर बोलणं चालू असताना मुलगा सुट्या प्रतींतला पहिला भाग हळूच उघडतो आणि उभ्या उभ्या वाचू लागतो. दुसरं पान, तिसरं पान. पायावरचा डास मारायचंही भान राहत नाही. तेवढ्यात बाबांचं लक्ष जातं. ‘हात लावू नकोस. घ्यायचं अजून ठरलेलं नाही.’

ब्लूम्सबरीचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी हस्तलिखिताचा काही भाग घरी नेला आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातात दिला. तिने पहिलं प्रकरण वाचलं आणि पुढचं मागितलं. पुस्तक घेतलं गेलं, आणि पहिली आवृत्ती ५०० प्रतींची निघाली. लंडनमधल्या एका प्रकाशन संस्थेचा निर्णय जिने सुचवला ती चौकशीकरांच्या चिरंजीवांपेक्षा वर्षाने लहान होती. ही हकीगत मित्राने मागच्या दिवाळीत त्यांना सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, ‘ती मुलगी पुढे काय झाली?’

तुमच्या घरात चौकशीकर असतील, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर खोका फडताळावरच राहू द्या. पोराला पहिलं प्रकरण दुकानात उभ्याने वाचू द्या. माझा मित्र हाकलत नाही, उलट स्टूल देतो. प्रकरण संपल्यावर त्याने पान उलटलं तर तो एकच भाग घ्या, नाही उलटलं तर घरी या. पहिला भाग सुटा मिळतो, मराठीतही आणि इंग्रजीतही, आणि अबॅकसच्या एका महिन्याच्या फीपेक्षा स्वस्त पडतो.